हॉलमधला समुद्र: मशरूम प्रवाळांच्या नोंदी, नाशिक

१० नोव्हेंबर २०२४

टाकी आज जागेवर बसली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, काच १० मिमी. काठोकाठ भरली तर १९१ लिटर. खाली कपाटात ६० लिटरचा संप, म्हणजे पंप आणि गाळणीसाठीची जोडटाकी. दगड आणि वाळूची जागा वजा केली, संप अर्धा धरला, तर सगळं मिळून पाणी १९० लिटरच्या आसपास जाईल. भरल्यावर वजन तीनशे किलोच्या पुढे. आम्ही तळमजल्याला राहतो ते इथे कामी आलं.

हा नाद मालवणचा. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पहिल्यांदा पाण्यात डोकं घातलं आणि खडकावर वाढलेलं जिवंत प्रवाळ पाहिलं, तेव्हापासून मनातून गेलं नाही. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ सालचं आहे आणि ते खरंच जपायच्या योग्यतेचं आहे.

म्हणूनच एक गोष्ट इथे पहिल्याच पानावर लिहून ठेवतो. कठीण प्रवाळ, म्हणजे चुन्याचा सांगाडा बांधणारं, या टाकीत येणार नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये हे सगळे प्रवाळ २००१ पासून आहेत. वाघ ज्या यादीत आहे, त्याच यादीत. टॉर्च, हॅमर, ब्रेन ही मांसल, फुललेली प्रवाळं फोटोत पाहून जीव जातो, हे कबूल. पण ज्याच्यासाठी समुद्रात डोकं घातलं, तेच बाटलीत भरून आणायचं मला जमणार नाही.

माझी निवड मशरूम. शास्त्रात यांना कोरॅलिमॉर्फ म्हणतात. कठीण प्रवाळाचे हे सख्खे चुलतभाऊ: तसंच तोंड, तशीच मांसल तबकडी, अंगात तसंच एकपेशीय शैवाल, फक्त खाली हाड नाही. हाड नसल्यामुळे कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातले कार्बोनेट) ते फारसं खात नाहीत. बाकी सगळे लाड तेच.

१७ नोव्हेंबर

पाणी. गंगापूर धरणाचं पाणी प्यायला आपल्याला छान लागतं, पण त्यातलं क्लोरीन, सिलिकेट, फॉस्फेट टाकीत नको. आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिन, म्हणजे उरलेसुरले क्षार काढणारी गाळणी. नळाला टीडीएस (विरघळलेले क्षार) १४०, आरओनंतर ८, डीआयनंतर ०. आरओचं वाया जाणारं पाणी दोन बादल्यांत धरतो, फरशी पुसायला जातं. १९० लिटर गाळायला चार दिवस लागले.

मीठ आधी पाण्यात, पाणी मिठात नाही. नाहीतर तळाशी पांढरा थर बसतो आणि कॅल्शियम वाया जातं. पिशवीवर लिटरला ३७ ग्रॅम लिहिलंय, म्हणजे ७ किलो पुरायला हवं होतं. मला ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ, समुद्राएवढं) गाठायला जवळजवळ ८ किलो लागलं. मीठ दमट झालं असावं.

रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबभर पाण्यावरून क्षारता दाखवणारं उपकरण, डीआयच्या थेंबावर शून्याला लावून घेतला.

२४ नोव्हेंबर

सुके दगड, वाळू, बाटलीतले जिवाणू आणि अमोनियाचे थेंब. अमोनिया पचवणारे जिवाणू दगडांवर बसेपर्यंत आता वाट पाहायची.

१५ डिसेंबर

रात्री हॉल १६ अंशांवर येतो. २०० वॉटचा एक हीटर घ्यायचा होता, त्याऐवजी १०० चे दोन घेतले. हीटर बिघडला की बहुतेक वेळा चालूच राहतो. दोनशेचा अडकला तर टाकी शिजते. शंभरचा अडकला तर दुसरा आपोआप बंद राहतो आणि मला निदान एक दिवस मिळतो. २५.५ ला पाणी स्थिर आहे.

४ जानेवारी २०२५

अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १०. दगडांवर तपकिरी डायटम (सूक्ष्म शैवाल) येऊन गेले. दोन क्लाउनफिश आले, दोन्ही टाकीत जन्मलेले. क्लाउनफिश सगळे नर म्हणून जन्मतात, जोडीतला मोठा पुढे मादी होतो. लेकीला हे सांगितल्यावर तिने दहा मिनिटं काचेला नाक लावून कोण मोठं ते ठरवलं.

१९ जानेवारी

मशरूम आले. मुंबईहून थर्माकोलच्या खोक्यात; कसारा घाटात गाडीत हीटर लावून बसलो, घरच्यांना घाम फुटला. पाच नग: दोन लाल डिस्कोसोमा, एक निळा, एक केसाळ ऱ्होडॅक्टिस, आणि नाण्याएवढी एक हिरवी रिकॉर्डिया.

दुकानदाराने टॉर्च प्रवाळ दाखवलं. "दादा, घेऊन जा, कोण बघतंय?" मी नाही म्हटलं. झोअँथिडचा (बटणांसारख्या दिसणाऱ्या मऊ प्राण्यांचा) दगडही दाखवला, फार देखणा होता. तोही नाही घेतला, पण कारण वेगळं. काही झोअँथिडमध्ये, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन असतं. समुद्रातल्या सर्वांत जहाल विषांपैकी हे एक. हवाईच्या पॅलिथोआतून ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. ज्यांच्याकडे आहे त्यांनी हातमोजे आणि चष्मा घालावा, आणि तो दगड गरम पाण्यात कधीच उकळू नये. वाफेतून ते श्वासात जातं. घरात सात वर्षांची मुलगी आहे जी काहीही हातात घेते. विषय संपला.

आल्या आल्या पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवली, मग तासभर थेंब-थेंब टाकीचं पाणी पिशवीत सोडलं.

२० जानेवारी

मशरूमला गोंद चालत नाही. सुपरग्लूने फ्रॅग (प्रवाळाचे कापलेले तुकडे) चिकटतात, पण मशरूमच्या अंगाला कायम चिकट स्राव असतो. गोंद त्या स्रावाला धरतो आणि प्राणी रात्रीत त्यातून अलगद निघून जातो. निळा डिस्कोसोमा तसाच निघाला आणि सकाळी वेव्हमेकरच्या (पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) जाळीला चिकटलेला दिसला. पंखा जाळीच्या आत होता म्हणून वाचला.

योग्य पद्धत अशी: एका वाटीत दगडाचे बारीक तुकडे घालायचे, त्यावर मशरूम ठेवायचा, वरून जाळी ताणून बांधायची आणि प्रवाह नसलेल्या कोपऱ्यात आठ-दहा दिवस सोडून द्यायचं. त्याचं त्यालाच पायाशी एखादा तुकडा सापडतो आणि तो धरतो. जाळी कुठली? लासलगावच्या मामांकडून कांद्याची कोरी जाळीदार गोणी आलेली होती. हिने त्यातून तळहाताएवढे पाच तुकडे कापून, गरम पाण्यात तीनदा धुऊन, रबरबँडसकट हातात दिले. आता टाकीच्या मागच्या कोपऱ्यात पाच वाट्या, लाल जाळीचे फेटे बांधून, रांगेत बसल्यात.

२ फेब्रुवारी

चार चिकटले. रिकॉर्डिया अजून नाही. जाळी काढली.

१६ फेब्रुवारी

काहीतरी चुकतंय.

चिकटले सगळे, पण फुलत नाहीत. दुकानात लाल डिस्कोसोमा हाताच्या पंज्याएवढा पसरला होता, इथे सुपारीसारखा आवळून बसलाय. कडा आत वळलेल्या. ऱ्होडॅक्टिसचे केस आखडलेले. तोंड मात्र बंद आहे. तोंड सताड उघडं असणं ही खरी घाबरायची खूण, ती नाही.

पहिला संशय प्रकाशावर. मशरूमला कमी उजेड लागतो. समुद्रात ते बऱ्याचदा खडकाच्या सावलीत असतात. दिव्याचा पांढरा चॅनल निम्म्यावर आणला, निळा ठेवला. आठ तास.

२३ फेब्रुवारी

फरक नाही. वेव्हमेकर दुसऱ्या काचेकडे वळवला. आता मशरूमच्या कडा फक्त हलतात, फडफडत नाहीत. प्रवाह एवढाच हवा.

फरक नाही.

२ मार्च

नायट्रेट ०. फॉस्फेट ०.००. हे मी आठवडाभर कौतुकाने वहीत लिहीत होतो: स्वच्छ पाणी! मग निळा डिस्कोसोमा नीट पाहिला. निळा कमी आणि दुधी जास्त.

मांसल प्राणी उपाशी होते. अंगातलं शैवाल, झूझँथेली, प्रकाशावर साखर बनवतं, पण त्याला नायट्रोजन आणि फॉस्फरसही लागतो. पाणी कोरडं ठणठणीत केलं तर शैवाल कमी होतं, रंग उतरतो, आणि शैवालाला अंगात ठेवणारा प्राणी स्वतःचंच मांस जाळतो. मी स्किमर, म्हणजे फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, चोवीस तास, सगळ्यात जोरात चालवत होतो. दोन छोटे मासे आणि एवढा मोठा स्किमर, हे गणितच चुकीचं. पहिल्यांदा रीफ करणाऱ्याला सगळे स्वच्छतेचेच धडे देतात; शून्य हा आजार आहे हे कोणी सांगत नाही.

स्किमर आता फक्त रात्री. माशांना दोनदा. आठवड्यातून दोनदा गोठवलेला मायसिस आणि सायक्लॉप्स (कोळंबीसारखे बारीक जीव), पंप बंद ठेवून, पिपेटने थेट तबकडीवर. पहिल्या वेळी ऱ्होडॅक्टिसकडे पाहत बसलो. केसांनी मायसिस धरला, मग कडा वर यायला लागल्या, इतक्या सावकाश की नजर हटवून परत पाहिलं तरच कळतं. वीस मिनिटांत तबकडीची पिशवी झाली, वर बोटाएवढं तोंड. तासाभराने पुन्हा सपाट, आत काहीच नाही.

१२ मार्च

नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०४. निळ्याचा निळा परत आला. पण आकार तसाच. आवळलेले. म्हणजे उपासमार खरी होती, पण ते एकच दुखणं नव्हतं.

१५ मार्च

सापडलं, आणि सापडल्यावर रात्री झोप लागली नाही.

मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. दिवसभर मापं घेतो. आज मायक्रोमीटर कॅलिब्रेशनला चालले होते, त्यांच्यासोबत स्लिप गेजचा, म्हणजे नेमक्या मापाच्या ठोकळ्यांचा डबा. आमच्याकडे नियमच आहे: उपकरण शून्यावर बरोबर आहे म्हणून सोडायचं नाही, ज्या मापावर काम करायचंय त्या मापाजवळ तपासायचं. २५ मिमीचा जॉब मोजणार असाल तर २५ चा गेज लावा. हे मी पोरांना पंधरा वर्षं शिकवतोय.

आणि घरचा रिफ्रॅक्टोमीटर मी शून्यावर लावून चार महिने ३५ वाचत होतो.

येताना ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन द्रावण घेतलं. काचेवर दोन थेंब, झाकण, अर्धा मिनिट थांबून खिडकीकडे धरलं. निळ्या आणि पांढऱ्याची सीमारेषा ३१ वर. पुन्हा पुसून, पुन्हा. ३१. शून्यावर अचूक, पस्तीसवर चार कमी. म्हणजे जिथे मी ३५ वाचत होतो तिथे पाणी खरं ३९ च्या वर होतं. नोव्हेंबरची नोंद काढली: सातऐवजी आठ किलो मीठ. मीठ दमट नव्हतं. मिठाची पिशवी खरं सांगत होती आणि मी तिलाच खोटं ठरवलं.

या प्राण्यांच्या अंगात सांगाडा नाही, नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. बाहेर मीठ जास्त झालं की आतलं पाणी ओढलं जाणार. ते आवळून बसले होते, कारण त्यांच्या हातात तेवढंच होतं.

१६ मार्च

उतरवायचं, पण घाईने नाही. सव्वाएकोणचाळीसवरून ३५. रोज ३ लिटर खारं पाणी काढून तेवढंच डीआय पाणी संपमध्ये, पंपाच्या तोंडाशी, दोन तासांत. १९० लिटरमध्ये ३ लिटर म्हणजे दिवसाला ०.६ पीपीटी. आठ दिवस.

रिफ्रॅक्टोमीटर आता ३५ च्या द्रावणावरच लावतो.

२४ मार्च

३५. माशांनी काहीच मनावर घेतलं नाही. मशरूम अजून तसेच. हात लावायचा नाही, काही बदलायचं नाही.

३० मार्च, पाडवा

सकाळी गुढी उभारून आत आलो. दिवे अजून लागले नव्हते, खिडकीचा उजेड होता. दोन्ही लाल डिस्कोसोमा पसरलेले. सुपारी नाही, बशी. कडा बाहेर, काठावर बारीक लहरी, आणि मधलं तोंड एका पांढऱ्या बिंदूएवढं. रिकॉर्डियाचे हिरवे मणी एकमेकांपासून सुटे झालेत, आधी ते एकाच ढेकळासारखे दिसायचे. आईला हाक मारली. ती हळदीकुंकवाचं ताट हातात घेऊनच आली आणि पाहत राहिली. मग टाकीच्या कपाटाला कुंकू लावलं. मी अडवलं नाही. काचेला लावायला निघाली तेव्हा तेवढं अडवलं.

२० एप्रिल

उन्हाळा. हॉल दुपारी ३५. चिलर महाग आहे आणि वीज खातो, म्हणून पाण्यावर दोन पंखे, थर्मोस्टॅटवर, २६.५ ला चालू. इथे नाशिकची कोरडी हवा मदतीला येते. टाकीतून रोज ४ लिटर पाणी उडतंय. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण २४३० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. ४ लिटर म्हणजे चोवीस तासांत सरासरी ११२ वॉट उष्णता बाहेर. दोन छोट्या पंख्यांत एवढं काम. टाकी २७ च्या वर गेली नाही.

पण पाणी उडतं, मीठ उडत नाही. दिवसाला ४ लिटर भरलं नाही तर दोन दिवसांत क्षारता दीड पीपीटीने चढते, आणि ते दुखणं मला पुन्हा नको. ऑटो टॉप-अप लावला: फ्लोट स्विच, छोटा पंप, २५ लिटरचा डीआयचा कॅन. सहा दिवस पुरतो.

९ मे

कामावरून आलो तर आई म्हणाली, "अरे, तुझा डबा रिकामा झाला होता, पाणी खाली गेलं होतं. मी घातलं दोन लोटे. तुझ्या त्या गाळलेल्याच पाण्याचं हो, नळाचं नाही."

लोटे तांब्याचे. आमच्या घरी तांब्या-पितळेशिवाय भांडं नाही. आजीने तांबट आळीतून आणलेला हंडा अजून वापरात आहे. माणसाला ते पाणी चांगलं. पण बिनकण्याच्या सागरी प्राण्यांना तांबं विष आहे; माशांच्या परजीवींवर औषध म्हणून तांबं वापरतात आणि त्याच टाकीत नंतर प्रवाळ जगत नाही. त्यातून डीआय पाणी कोरं असतं, धातू पटकन ओढून घेतं.

पाणी लोट्यात मिनिटभरही राहिलं नव्हतं, म्हणून मी फार घाबरलो नाही. तरी संपमध्ये ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन टाकला आणि २० लिटर पाणी बदललं. आईला रागावण्यासारखं काही नव्हतं. तिने रेषेखाली गेलेलं पाणी ओळखलं, कॅन ओळखला, मीठ न घालता गोडं पाणीच घातलं. हे सगळं तिने नुसतं बघून शिकलंय. निळा प्लास्टिकचा जग आणला, त्यावर मार्करने "समुद्र" लिहिलं, आता तोच वापरते.

१० मे

सगळे फुललेले.

८ जून

वळवाचे दोन पाऊस झाले आणि गणित उलटलं. हवा दमट, पंखे तेवढेच, पण पाणी उडतंय फक्त दीड-दोन लिटर. थंडावाही तेवढाच कमी. दुपारी टाकी २८.६. नाशिकमध्ये टाकीला खरा धोका एप्रिलच्या उन्हाचा नाही, जूनच्या या दहा-बारा दिवसांचा आहे, हे आता कळलं. तीसच्या वर काही दिवस राहिलं तर प्राणी अंगातलं शैवाल टाकून देतात आणि पांढरे पडतात. समुद्रात प्रवाळ पांढरं पडतं ते असंच.

दिव्यांची वेळ आठवरून सहा तास, आणि तीही संध्याकाळी सहानंतर. कपाटाचं दार काढून ठेवलं, पंपांची उष्णता आत कोंडत होती. टाकी २७.८.

१३ जुलै

रात्री दोनला लाइट गेली, सकाळी आठला आली. सहा तास. पावसात हे होणारच. इन्व्हर्टरवर मी फक्त वेव्हमेकर ठेवलाय, दिवे नाहीत, हीटर नाही. अंधारात प्राणी आणि दगडांतले जिवाणू सगळे ऑक्सिजन वापरतात, बनवत कोणी नाही. पाण्याचा पृष्ठभाग हलता राहिला की हवेतून ऑक्सिजन येत राहतो. १९० लिटर पाणी सहा तासांत एक अंशाने उतरलं, त्याने काही बिघडत नाही.

२० जुलै

ऱ्होडॅक्टिस सरकतोय. मार्चपासून त्याने दीड इंच जागा बदलली, उजेडापासून दूर, दगडाच्या पोटाकडे. जिथे गेला, तिथून निघताना मागे पायाचा तुकडा सोडलाय. आज लेकीने टॉर्च लावून दाखवला: तांदळाच्या दाण्याएवढा, तपकिरी, वर मोजून सात केस. मशरूम असेच वाढतात. पाय पसरवत निघायचं, मागे राहिलेल्या चिमटीतून नवं तोंड फुटतं. विभागायला ब्लेड लावायची मला गरज वाटत नाही. त्याला घाई नाही तर मला कशाला.

२४ ऑगस्ट

मोजणी: लाल चार, निळा एक, ऱ्होडॅक्टिस तीन, रिकॉर्डिया एक, पण तिला दोन तोंडं दिसतात, म्हणजे ती मधून दुभंगतेय. ऱ्होडॅक्टिसचं पिल्लू लाल डिस्कोसोमाला टेकायला आलं होतं. ते दंश करतं, लालची एक कड जळून पांढरी झाली होती. त्याचा छोटा दगड उचलून उजव्या कोपऱ्यात एकटा ठेवला, चार इंच अंतर. लालची कड अजून पूर्ण भरलेली नाही.

क्षारता ३५, तापमान २६.२, नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०५, अल्कलिनिटी ८.४. रिफ्रॅक्टोमीटरच्या पोटावर कंपनीत लावतो तसा स्टिकर लावलाय: तपासणी ३५ वर, पुढची तारीख २४ सप्टेंबर.